मद्रासच्या भट्टीतून निघालेली वाट

साल १९७८. मे महिन्यातली मद्रासची दुपार. सरदार पटेल रोडवरच्या फाटकातून तुम्ही आयआयटीत शिरता आणि शहराचा गोंगाट मागे पडतो. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने ही संस्था गिंडीच्या जंगलात उभी राहिली. जंगल अजून हटलेलं नाही. वडाखाली चितळं ऊन टाळत बसली आहेत. वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत, त्यांत गोदावरी आणि कृष्णाही आहेत.

तुम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत येता. हातात अ‍ॅगेटचा खल मिळतो, त्यात धातूच्या ऑक्साइडची भुकटी. घोटायला लागा. कणाला कण भिडल्याशिवाय घन पदार्थांत अभिक्रिया होत नाही, म्हणून हात भरून आला तरी थांबायचं नाही. मग दाबयंत्रात गोळी पाडायची आणि भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवत ठेवायची. गार झाली की फोडायची, पुन्हा घोटायची, पुन्हा भट्टीत सारायची. शेवटी क्ष-किरण सांगतात, अणू हव्या त्या रचनेत बसले की नाही.

लोह, कोबाल्ट, मँगनीज, व्हॅनेडियम हे संक्रमण धातू. ते इलेक्ट्रॉन देतात, परतही घेतात, आणि योग्य रचना सापडली तर या देवघेवीत ऑक्साइडचा सांगाडा मोडत नाही. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी याच गुणावर चालते. तमिळनाडूतल्या अमरापुरम गावचा अरुमुगम मंथिरम हा विद्यार्थी या वर्षांत इथेच पीएच.डी.चं काम करतो आहे.

आता काही वर्षं पुढे चला. मदुराईत अध्यापन करून मंथिरम १९८५ साली ऑक्सफर्डला बॅटरीच्या पदार्थांवर काम करणाऱ्या जॉन गुडइनफ यांच्याकडे पोहोचले आहेत. सल्फाइडऐवजी ऑक्साइड वापरलं तर बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढेल, हे गुडइनफ यांनी ओळखलं होतं. १९८० साली त्यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधून सुमारे ४ व्होल्ट मिळवून दाखवले होते. पण कोबाल्ट महाग आणि दुर्मीळ. लोखंड मुबलक, मात्र त्याच्या साध्या ऑक्साइडांतून अडीच व्होल्टही हाती लागत नाहीत.

१९८६ मध्ये दोघे टेक्ससमधल्या ऑस्टिनला जातात. तिथल्या टेबलाशी उभे राहा आणि आकडे वाचा. लोखंडाच्या मॉलिब्डेटमध्ये लिथियम शिरताना दाब ३ व्होल्ट. सल्फेटमध्ये ३.६. धातू तोच, लोखंड. तरी आकडा चढला. असं का व्हावं? ही रस्सीखेच आहे. सल्फेटमध्ये एकाच ऑक्सिजनला एका बाजूने लोखंड आणि दुसऱ्या बाजूने गंधक ओढतं. गंधकाची ओढ जबर, म्हणून लोखंड आणि ऑक्सिजनमधला बंध सैल पडतो, लोखंडाची इलेक्ट्रॉन घेण्याची पातळी खाली जाते आणि बॅटरीचा दाब वाढतो. शेजारचा अणू बदलून धातूचा व्होल्टेज ठरवता येतो, हे १९८७ आणि १९८९ च्या शोधनिबंधांतून जगापुढे आलं. याच वाटेवर १९९७ साली गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून लिथियम आयर्न फॉस्फेट आलं. आज कित्येक ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक बस त्याच्यावर धावतात.

शेवटचा मुक्काम स्टॉकहोम, ८ डिसेंबर २०१९. सभागृहात बसा. त्या वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं आहे. गुडइनफ ९७ वर्षांचे आहेत. त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान द्यायला उभे राहतात अरुमुगम मंथिरम.

हा प्रवास तुम्हाला घडवण्यामागे एक आग्रह आहे. कोबाल्टला लोखंडाचा पर्याय मिळाला, तो ‘असं का व्हावं’ या प्रश्नाचा पिच्छा न सोडल्यामुळे. तो पिच्छा पुरवण्याची शिस्त खल आणि भट्टीपाशी घडते, आणि खल-भट्टी आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजातही मांडता येते. तुमच्या घरातली मुलगी एम.एस्सी.ला रसायनशास्त्र घेते म्हणाली, तर ‘त्यात पुढे काय?’ असं विचारून तिला माघारी फिरवू नका. तिला प्रयोगशाळेत जाऊ द्या.