हमी आणि सवलत : खानदेशातील रेल्वेचा हिशेब

रेल्वेच्या तिकिटावर २०१६ साली एक वाक्य छापले जाऊ लागले. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी अवघे ५७ टक्के भाड्यातून वसूल होतात, असा त्याचा आशय. चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या पॅसेंजरमधील प्रवाशाने ते वाचले, तर आपण कुणाच्या तरी उपकारावर प्रवास करीत आहोत, असेच त्याला वाटेल. इतिहासाचा हिशेब मात्र निराळा आहे.

१८४९ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे यांच्यात करार झाला. रेल्वे कंपनीला जमीन ९९ वर्षांसाठी विनामूल्य मिळाली आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. नफा तेवढा न झाल्यास उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची होती. ही तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर चाले. म्हणजे लंडनच्या भागधारकाची जोखीम अखेर रयतेच्या शिरावर आली. विल्यम मॅसी हे हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य होते. त्यांनी पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना कबूल केले, की भागधारकाचा पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, व्याज ठरलेले असल्याने त्याला त्याचे सोयरसुतक नव्हते.

या हमीच्या बळावर १८६०च्या दशकात लोहमार्ग खानदेशात आला. मनमाडहून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा तो गेला. १८६७ साली त्याची एक शाखा नागपूरला पोचली, तर दुसरी १८७० साली जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाला मिळाली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात नेणे आणि दोन महानगरे जोडणे, ही त्याची प्रयोजने होती. जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले, आग्रा रस्त्यावरील धुळे त्या वाटेवर नव्हते. चाळीसगाव-धुळे फाटा झाला तो १९०० साली. त्याच सुमारास किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालील ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबार, नरडाणामार्गे अमळनेरपर्यंत आली. धुळ्याच्या दक्षिणेला एक कंपनी, उत्तरेला दुसरी. मधले धुळे-नरडाणा हे थोडके अंतर मात्र कोणत्याच कंपनीच्या हिशेबात बसले नाही. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्वेच्या जिल्ह्याचे ठाणे हमरस्त्याच्या लोहमार्गावर होते, तर पश्चिमेच्या जिल्ह्याचे फाट्याच्या टोकाशी.

आपल्या एकोणिसाव्या शतकातील गद्यात आगगाडीचे नवल पुष्कळ आहे. तिची वही उघडून पाहणारे थोडे. त्यांपैकी गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शिक्षक होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी दाखवून दिले, की रेल्वेविस्तार आणि खुला व्यापार यांच्या जोडीने देशी धंदे बसतात आणि लाभ बाहेर जातो. दादाभाई नौरोजींच्या संपत्तीवहनाच्या मांडणीतही रेल्वेवरील व्याजाला ठळक स्थान आहे. त्यांचा रोख आगगाडीवर नव्हता. खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता.

हाच प्रश्न आजही विचारावा लागतो. मनमाड-इंदूर मार्गाची मागणी अनेक दशके ‘किफायतशीर नाही’ या शब्दांपाशी अडत राहिली. २०१८ साली जवाहरलाल नेहरू बंदर, दोन राज्य सरकारे आणि केंद्रीय मंत्रालये यांनी खर्च वाटून घेण्याचा सामंजस्य करार केला. २०१९ साली धुळे-नरडाणा टप्प्याची पायाभरणी झाली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला सुमारे १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली.

प्रवासी भाड्यातील तूट आज मुख्यतः मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघते. ती तूट खरी आहे आणि तिची चर्चा व्हायलाच हवी. पण भाषेच्या अभ्यासकाने दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. भागधारकाला सरकारी तिजोरीतून मिळाले त्याला ‘हमी’ म्हटले गेले. प्रवाशाला मिळते त्याला ‘सवलत’ म्हणतात. हमी हा हक्क ठरला, सवलत हे उपकार ठरले. दोन्हींमागे पैसा मात्र सार्वजनिकच होता. पहिल्या हमीचे व्याज ज्या रयतेने भरले, तिचीच पणतवंडे आज धुळ्याच्या फलाटावर उभी आहेत. ते व्याज भरल्याची नोंद कोणत्याही तिकिटावर कधी छापली गेली नाही.