धूर दिसला की पंखा बंद? रिलेच्या इतिहासातला एक उलटा प्रश्न

पोलादपूर सोडून खेडकडे निघालं की पूर्वी कशेडी घाटाची वळणं सुरू व्हायची. आता तिथे डोंगराच्या पोटातून साधारण दोन किलोमीटरचा जोडबोगदा आहे. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी त्यातली एक बाजू हलक्या वाहनांसाठी पहिल्यांदा खुली झाली. गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना त्यात वाचलेला वेळ दिसतो. संशोधनाची तयारी करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात एक प्रश्न दिसायला हवा: लांब बोगद्यात गाडीला आग लागली, तर हवा खेळवणारे पंखे बंद करायचे की चालू ठेवायचे?

उत्तराची घाई नको. हाच प्रश्न महाडच्या एखाद्या कारखान्यातल्या वातानुकूलन यंत्रणेबद्दल विचारला तर उत्तर एक येतं आणि बोगद्याबद्दल विचारला तर बरोबर उलटं. दोन्हीकडे वापरायचा रिले मात्र तोच. हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

रिले म्हणजे विजेने हलणारा स्विच. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी दाखवलं, की लांबून आलेल्या क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबक हलवून दुसरं, जोरकस सर्किट चालू-बंद करता येतं. तारयंत्राला हीच युक्ती हवी होती. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं वर्ष १८७२. विल्यम रॉबिन्सन यांनी रेल्वेच्या रुळांतून सतत प्रवाह फिरवून एक रिले कायम 'उचललेला' ठेवला. गाडी रुळावर आली की तिच्या चाकांमुळे प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल धोका दाखवतो. खरी गंमत पुढे आहे. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ तुटला, तरी रिले पडतोच. म्हणजे यंत्रणा बिघडली तरी ती धोक्याच्या बाजूला न जाता सावधपणाच्या बाजूला जाते. 'फेल-सेफ' म्हणतात ते हेच.

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन या एमआयटीतल्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं, की रिलेची जोडणी बूलच्या बीजगणितात लिहिता येते. एकामागे एक जोडलेले काँटॅक्ट म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले म्हणजे 'किंवा'. तोवर अनुभवाने, अंदाजाने जोडली जाणारी सर्किटं आता कागदावर तपासता येऊ लागली.

आता इमारतीतला पंखा घ्या. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली. ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक ज्वाळांनी नव्हे तर धुराने आणि आगीपासून दूर, वरच्या मजल्यांवर. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात होती, पण धूर वर चढला आणि नव्वदच्या आसपास बळी गेले. इमारतीत चालू राहिलेला पंखा आगीला प्राणवायू पुरवतो आणि डक्टमधून धूर खोलीखोलीत वाटतो. म्हणून हवा फिरवणाऱ्या पंख्यांसाठी नियम: धूर दिसला की पंखा बंद.

त्याचं सर्किट असं. काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेवर क्रमाने ओव्हरलोडचा ९५–९६, धुराच्या रिलेचा काँटॅक्ट, स्टॉप बटण आणि मग स्टार्ट बटण. स्टार्टला समांतर काँटॅक्टरचा स्वतःचा १३–१४, म्हणजे होल्डिंग. शॅननच्या पद्धतीने: पंखा = (स्टार्ट किंवा पंखा) आणि स्टॉप दाबलेला नाही आणि धूर नाही आणि ओव्हरलोड नाही.

इथे दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. पहिली: धुराचा रिले नेहमी उचललेला ठेवायचा, धूर आला की तो पडला पाहिजे. मग डिटेक्टरची तार तुटली तरी पंखा थांबतो, हा झाला रॉबिन्सनचा धडा. आणि एकदा होल्डिंग सुटलं की धूर विरल्यावरही पंखा आपोआप सुरू होत नाही, माणसाने येऊन, बघून स्टार्ट दाबावं लागतं. दुसरी: पॅनेलवर 'हँड–ऑफ–ऑटो' स्विच असेल तर धुराचा काँटॅक्ट त्याच्या आधी, दोन्ही वाटांना सामाईक हवा. तो फक्त 'ऑटो'च्या वाटेत टाकला, तर कुणी स्विच 'हँड'वर ठेवला त्या दिवशी संरक्षण संपलं. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, सगळं ठीक दिसतंय!

आता बोगदा. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच १९२७ साली न्यूयॉर्कचा हॉलंड बोगदा सुरू झाला. त्यात ८४ पंखे होते. तिथली मुख्य चिंता मोटारींच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. आगीचा धडा फार महाग पडला. २४ मार्च १९९९ ला फ्रान्स-इटलीमधल्या ११.६ किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात मैदा आणि मार्गारिन नेणारा ट्रक पेटला आणि ३९ जण मेले. एकच नळी, दुहेरी वाहतूक, दोन टोकांना दोन देशांच्या दोन कंपन्या. इटलीच्या बाजूने ताजी हवा आत सोडणं चालूच राहिलं. तिने धूर फ्रान्सच्या बाजूला, अडकलेल्या लोकांवर ढकलला.

मग पंखे बंद ठेवायचे का? तेही नाही. बंद पंख्यांच्या बोगद्यात धूर छताखालून दोन्हीकडे पसरतो, थंड होतो आणि माणसांच्या उंचीवर उतरतो. एकेरी वाहतुकीच्या नळीत आगीच्या पुढच्या गाड्या निघून जातात, मागच्या अडकतात. म्हणून हवा वाहतुकीच्याच दिशेने, साधारण सेकंदाला तीन मीटरच्या वेगाने ढकलायची, म्हणजे धूर मागे वळत नाही. १९९३ ते १९९५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या वापरात नसलेल्या मेमोरियल बोगद्यात मुद्दाम आगी लावून जेट फॅनची ही क्षमता तपासली गेली. जोडबोगद्याचा मोठा फायदा हाच: प्रत्येक नळीला एक दिशा. पण दुरुस्तीसाठी एक नळी बंद करून दुसरीतून दुहेरी वाहतूक सोडली, तर आगीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात आणि पंख्यांचा नियमही त्या दिवसापुरता बदलावा लागतो.

आता इमारतीचं सर्किट जसंच्या तसं इथे लावून बघा. तार तुटली, रिले पडला, पंखा थांबला. इमारतीत हे सुरक्षित, बोगद्यात घातक. म्हणून इथे 'धूर आहे / नाही' अशा दोन अवस्था पुरत नाहीत. 'तार तुटली' ही तिसरी अवस्था वेगळी ओळखावी लागते. त्यासाठी लाइनच्या शेवटी रेझिस्टर लावून प्रवाहावर सतत नजर ठेवतात. पंखा उलटा फिरवायचा तर दोन काँटॅक्टर एकमेकांच्या एनसी काँटॅक्टने अडवायचे आणि मध्ये टायमर, म्हणजे पाती थांबल्याशिवाय दिशा बदलणार नाही. विजेचंही तसंच. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या महाडकरांना 'वीज गेली तर?' हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. इमारतीतला पंखा वीज गेल्यावर आपसूक सुरक्षित बाजूला जातो. बोगद्यातल्या पंख्याला मात्र वीज पुरवत राहावीच लागते, त्यामुळे दुसरा स्वतंत्र पुरवठा हवाच.

संशोधनाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच. 'फेल-सेफ' हा रिलेचा गुण नाही. कोणती अवस्था सुरक्षित हे आधी माणसाने ठरवायचं असतं, रिले ते फक्त पाळतो. रॉबिन्सनसमोर उत्तर सोपं होतं: थांबलेली गाडी सुरक्षित. माँ ब्लाँमध्ये ते सोपं नव्हतं आणि आधी नीट ठरवलेलंही नव्हतं. तुमच्या प्रयोगात हीटर असो, गॅसची टाकी असो की नुसता पंप, सर्किट काढायच्या आधी कागदावर एक ओळ लिहा: सगळं बिघडलं तर हे यंत्र कुठल्या स्थितीत असायला हवं? ती ओळ लिहिता येत नसेल, तर अजून सर्किट काढायची वेळ आलेली नाही.