चुकून सापडलेली विरळणी

फळांसाठी बाग लावायची, आणि ती फुलून आली की औषध फवारून त्यातली बरीचशी फुलं आणि कोवळी फळं पाडून टाकायची! ऐकायला वेडेपणा वाटतो ना? सफरचंदवाले मात्र गेली ऐंशीएक वर्षं हेच करत आले आहेत.

कारण साधं आहे. एकेका गुच्छात पाच-सहा फुलं असतात. सगळी धरली तर फळं बारीक राहतात. शिवाय पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात, बहरानंतर थोड्याच आठवड्यांत तयार होतात आणि फळांतल्या बियांमधलं जिबरेलिन त्यांना आडवं येतं. म्हणजे यंदा लयलूट, पुढच्या वर्षी ठणठणाट. आपल्या हापूससारखंच, एक वर्षाआड. हाताने विरळणी करायची तर माणसं फार लागतात, आणि ती उरकेपर्यंत डोळ्यांची वेळ टळून जाते.

१९३०च्या दशकात अमेरिकेत फुलं चक्क जाळणारे फवारे वापरून पाहिले गेले. आधी डांबरतेल, मग डीएनओसी. पण फुलांबरोबर पानंही करपायची.

खरी गंमत पुढेच आहे. १९३९ साली गार्डनर, मार्थ आणि बॅटजर यांनी दाखवून दिलं की एनएए नावाचं संप्रेरक फवारलं तर तोडणीआधी होणारी फळगळ थांबते. १९४१ मध्ये बर्कहोल्डर आणि मॅककाउन यांनी तेच बहरात फवारलं. हेतू हा, की जास्त फळं धरावीत. झालं उलटंच, फळं गळाली! औषध तेच, वेळ बदलली की काम बदललं.

दुसरा शोधही असाच. कार्बारिल हे कीटकनाशक. सफरचंदातली अळी मारायला फवारलं, तर कोवळी फळंही गळू लागली. १९६० साली वेस्टवुड आणि (पुन्हा तेच) बॅटजर यांनी ते विरळणीचं औषध म्हणून मांडलं. वापरायला सोपं, म्हणून बागायतदारांनी उचलून धरलं. मधमाश्यांना मात्र ते घातक.

या कार्बारिलचं बाजारातलं नाव सेविन. इथे मी वाचता वाचता थांबलो. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात तयार व्हायचं तेच हे सेविन. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट २ डिसेंबर १९८४च्या रात्री टाकीतून सुटला आणि हजारो माणसं गेली. भोपाळचं सेविन सफरचंदाच्या विरळणीसाठी बनत नव्हतं, हे खरं. पण बागायतीच्या इतिहासात जो शब्द सोयीचा म्हणून येतो, तोच आपल्याकडे एका रात्रीची आठवण होऊन बसलाय.

युरोपीय संघाने २००७ मध्ये कार्बारिलची मान्यता काढली, भारताने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. विरळणी काही थांबली नाही. आता बेंझिलॲडेनिन आहे, सेंद्रिय बागांत लाइम सल्फर आहे.

हातातलं सफरचंद मोठं आणि गोंडस दिसतं, ते शेजारची चार गळाली म्हणून. ती कशाने गळाली, हे आपण सहसा विचारत नाही. असो.