दिनविशेष : १८ जुलै १८५७ – मुंबई विद्यापीठाची स्थापना

उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना सरकारला विद्यापीठ काढण्याची सवड कशी मिळाली, याचे नवल वाटते. पण वुडच्या १८५४च्या शिक्षणविषयक खलित्यानुसार कलकत्त्यापाठोपाठ १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचे महाविद्यालयांनी; विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. हक्काची इमारतही नव्हती, कारभार टाऊन हॉलमधून चाले. १८६२मध्ये पहिले चार बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एवढी वजनदार पहिली तुकडी क्वचितच कुठल्या विद्यापीठाला लाभली असेल!

कापसाच्या तेजीत गबर झालेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय व मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले. पुढे तेजी कोसळली, शेठजीही बुडाले; राजाबाई टॉवर मात्र १८७८मध्ये पुरा झाला. राजाबाई म्हणजे शेठजींच्या मातोश्री. विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतले ते विसाव्या शतकात. १९१९मध्ये समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग सोपवला गेला, १९३३मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. माटुंग्याची आजची ‘आयसीटी’ (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ती हीच.