उदुंबर ते उंबरठा : दारचौकटीच्या मापांचा सामाजिक अर्थ

प्रस्तावना :
वास्तूंच्या इतिहासात मंदिरे, किल्ले व राजवाडे यांची चर्चा विपुल झाली आहे. सुताराने घडविलेली दारचौकट मात्र केवळ उपयुक्त वस्तू म्हणून पाहिली जाते. प्रस्तुत लेखात चौकटीचे घटक, लाकूड व मापे यांतून समाजरचना कशी व्यक्त होते, याचा आढावा घेतला आहे.

ग्रंथोक्त मापे :
सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त घराची रुंदी ब्राह्मणासाठी ३२ हात सांगितली असून पुढे चार-चार हातांनी घटत ती १६ हातांपर्यंत येते. दाराचे माप घराच्या रुंदीवरून काढावयाचे असल्याने सामाजिक उतरंड थेट चौकटीत उतरते. राजाच्या १०८ हात रुंद प्रासादाचे दार सुमारे १८८ अंगुले उंच व त्याच्या निम्मे रुंद येते. दाराची उंची जितके हात, तितकी अंगुले उभ्या शाखांची जाडी असावी आणि खालच्या-वरच्या उदुंबरांची त्याच्या दीडपट असावी, असाही नियम आहे. मराठीतील 'उंबरा' व 'उंबरठा' हे शब्द याच 'उदुंबर' शब्दाशी नाते सांगतात.

वाड्याची चौकट :
मराठी वाड्यांत सागवानी चौकटीला प्राधान्य होते. दोन उभी लाकडे, वर गणेशपट्टी व खाली उंबरठा असे तिचे चार घटक असत आणि लाकडाचे कुसू खाचेत बसवून ते सांधले जात. शनिवारवाड्याच्या (१७३२) दिल्ली दरवाज्यात लहान दिंडी आहे. मोठे दार बंद ठेवून एकेकालाच, तेही वाकून, आत घेण्याची ही सोय संरक्षणाबरोबर अधिकारही दर्शविते.

उंबरठ्याबाहेरचा समाज :
चौकटीच्या आत कोणी यावे, हा प्रश्न मापांपेक्षा मोठा ठरला. १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींनी केलेले उपोषण ही त्याची ठळक उदाहरणे होत.

निष्कर्ष :
आय.एस. ४०२१ या भारतीय मानकात दारांची मापे १०० मिलिमीटरच्या पटीत ठरतात. तेथे घरमालकाच्या जातीला स्थान नाही. सुगम्यतेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर अपेक्षित आहे, ती चाकाच्या खुर्चीचा विचार करून. प्रतिष्ठेवरून ठरणारे माप माणसाच्या गरजेवरून ठरू लागले, हाच चौकटीच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय.