रक्तातील बावीस अक्षरे: मायक्रोआरएनए आणि पुराव्याच्या उगमाचा प्रश्न

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१/ एखादी बखर हाती आली, की तिच्यातील मजकुरावर विसंबण्याआधी ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे इतिहासाचा अभ्यासक पाहतो. रक्तातील सूक्ष्म आरएनए रेणूंवरून आजार ओळखू पाहणाऱ्या संशोधकांनाही आपल्या पुराव्याला हाच प्रश्न विचारावा लागला. तो नीट विचारला जाईपर्यंत काय घडले, त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे, १९४८ साली. पॉल मांदेल आणि पिएर मेते यांनी मानवी रक्तद्रवात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, केंद्रकाम्ले असल्याचे दाखवले. डीएनए आणि आरएनए ही ती केंद्रकाम्ले. पेशीबाहेर, मोकळ्या रक्तात ती कशी आली?

३/ या निबंधाकडे जवळजवळ कोणीच लक्ष दिले नाही. डीएनएची दुहेरी सर्पिल रचनाच मुळी १९५३ साली उलगडली. जो रेणू नेमके काय करतो हेच ठाऊक नाही, तो रक्तात सापडला म्हणून कोणाला नवल वाटावे? पुढे १९७७ साली काही कर्करुग्णांच्या रक्तात डीएनएचे प्रमाण वाढलेले आढळले, तेव्हा या जुन्या नोंदीला अर्थ येऊ लागला.

४/ आरएनएची गोष्ट आणखी अवघड होती. आरएनएचे तुकडे करणारी विकरे रक्तात मुबलक असतात. त्यामुळे तो रक्तात टिकणारच नाही, अशी समजूत रूढ होती. १९९९ साली कर्करुग्णांच्या रक्तद्रवात आणि रक्तजलात गाठीशी निगडित आरएनए सापडला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला.

५/ दरम्यान अमेरिकेत एका वेगळ्याच प्राण्यावर काम चालू होते. जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीची वाढ कशी होते, हे व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन आपापल्या प्रयोगशाळांत शोधत होते. १९९२ साली दोघांनी आपापल्या जनुकांचे अक्षरक्रम ताडून पाहिले, तेव्हा ते एकमेकांना अंशतः जुळले.

६/ १९९३ साली दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. ॲम्ब्रोस यांच्या ‘लिन-४’ जनुकापासून प्रथिन बनतच नव्हते. बनत होता केवळ २२ अक्षरांचा आरएनए. तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटे आणि त्यापासून प्रथिन बनणे रोखे. हा पहिला मायक्रोआरएनए. एका कृमीतील ही विचित्र बाब असावी, असे पुढील सात वर्षे बहुतेकांना वाटत राहिले.

७/ २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला ‘लेट-७’ सापडला आणि तो माणसासह अनेक प्राण्यांत आढळला. २००१ साली ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झाले. २००२ साली जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए अनेकदा नष्ट झालेले असतात. (‘मिर’ हा संक्षेप, पुढे नोंदीचा क्रमांक.)

८/ मग आले २००८. ऑक्सफर्डमधील गटाने लिम्फोमाच्या रुग्णांच्या रक्तजलात मिर-२१ वाढलेला दाखवला. हाँगकाँगमध्ये डेनिस लो यांच्या गटाला गर्भवतींच्या रक्तात वारेतून आलेले मायक्रोआरएनए मिळाले. प्रसूतीनंतर ते नाहीसे होत. चीनमधील नानजिंग आणि अमेरिकेतील सिॲटल येथूनही त्याच वर्षी असेच निष्कर्ष आले.

९/ सिॲटलच्या मुनीश तिवारी यांच्या गटाचा प्रयोग मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. त्यांनी उंदरांत मानवी प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी वाढवल्या आणि उंदरांत ज्यांचे प्रतिरूप ज्ञात नाही असे मानवी मायक्रोआरएनए त्यांच्या रक्तात शोधले. ते गाठ असलेल्या उंदरांतच सापडले. रेणू गाठीतून आला, याचा हा थेट पुरावा होता.

१०/ याच गटाने पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे २५ रुग्ण आणि २५ निरोगी पुरुष यांची तुलना केली. मिर-१४१ च्या आधारे एकाही निरोगी व्यक्तीला रुग्ण न ठरवता ६०% रुग्ण ओळखता आले. थोडेसे रक्त काढून कर्करोग ओळखण्याची आशा पल्लवित झाली. लघवी, लाळ, अश्रू, आईचे दूध अशा इतर द्रवांतही मायक्रोआरएनए असल्याचे लवकरच दिसून आले.

११/ पण हाँगकाँगच्या यादीवर पुन्हा नजर टाका. वारेतून येणाऱ्या मायक्रोआरएनएंमध्ये मिर-१४१ हे नाव होतेच. एकच रेणू गर्भवतीच्या रक्तात वारेची खूण ठरतो आणि पुरुषाच्या रक्तात कर्करोगाची. रेणूवर त्याच्या उगमाचा शिक्का नसतो. बखरीचे पहिले आणि शेवटचे पान फाटलेले असावे, तसे हे.

१२/ २०१२ साली तिवारी यांच्याच गटाने सावधगिरीचा इशारा देणारा निबंध लिहिला. घन गाठींच्या कर्करोगाच्या खुणा म्हणून तोवर नोंदवलेले ७९ मायक्रोआरएनए त्यांनी तपासले. त्यांपैकी ४६ रक्तपेशींमध्येच विपुल होते. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी काहींचे प्रमाण ५० पटींपर्यंत बदलू शकत होते.

१३/ याचा अर्थ गंभीर आहे. नमुना घेताना पेशी फुटल्या, किंवा तो प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वेळ गेला, तर निरोगी माणसाच्या रक्तातही ‘आजार’ दिसू शकतो. आणखी एक अडचण होती. अनेक अभ्यासांत इतर रेणू मोजण्यासाठी मिर-१६ ला स्थिर मापदंड मानले गेले होते. तो तर तांबड्या पेशींतच भरपूर असतो! मोजपट्टीच ताणली जात असेल, तर मोजमाप काय कामाचे?

१४/ उगमाचा घोळ आणखी एका वादात दिसला. चिनी संशोधकांच्या एका गटाने भाताच्या रोपातील मायक्रोआरएनए माणसाच्या रक्तात पोहोचतो, असा दावा केला. तो जगभर गाजला. मात्र २०१३ साली भात खाऊ घातलेल्या उंदरांवर केलेल्या अभ्यासात त्याला दुजोरा मिळाला नाही, आणि वनस्पतींचे असे अंश प्रयोगातील भेसळीतून येऊ शकतात, असे इतरांनी दाखवले.

१५/ मग या विद्येच्या हाती काय लागले? जिथे उगम निःसंदिग्ध आहे, तिथे तिने पाय रोवले. मिर-१२२ प्रामुख्याने यकृतात असतो. २००९ साली पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत दुखावलेल्या उंदरांच्या रक्तात तो वाढलेला दिसला.

१६/ सर्वांत भक्कम उदाहरण वृषणाच्या कर्करोगाचे. मिर-३७१ हा गर्भावस्थेतील मूळ पेशींत असतो. निरोगी प्रौढ शरीरात तो जवळजवळ नसतोच. म्हणून प्रौढाच्या रक्तात तो दिसला, की संशयाची दिशा ठरते. २०१९ साली ६१६ रुग्ण आणि २५८ इतर पुरुषांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चाचणीने सुमारे ९०% रुग्ण ओळखले आणि ९४% इतरांना योग्य रीतीने वगळले. टेराटोमा नावाची गाठ मात्र तिला सापडत नाही.

१७/ २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना मिळाले. सूत्रकृमीतील त्या शोधाला तेव्हा ३१ वर्षे होत आली होती, आणि मांदेल-मेते यांच्या निबंधाला ७६.

१८/ ‘रक्ताच्या एका थेंबातून कर्करोग ओळखणार’ अशी बातमी यापुढे वाचाल, तेव्हा साधनचिकित्सेचे नेहमीचे प्रश्न तिलाही लावून पाहा. हा रेणू कोणत्या पेशीतून आला? नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला? मोजपट्टी कोणती वापरली? निरोगी माणसांतील किती जणांना चुकून रुग्ण ठरवले? अस्सल कागद पारखताना आपण एवढी काळजी घेतो. इथे तर पुराव्याच्या दुसऱ्या टोकाला निकालाची वाट पाहणारा माणूस असतो.