गांठीभोवतींची रेषा

शस्त्राची कथा सांगतांना आपण बहुधा त्याच्या धारेचें वर्णन करतों. तें नेमकें कोठें चालवावयाचें हें माणसास कसें उमगलें, इकडे लक्ष जात नाहीं. कर्करोगावरील किरणोपचाराच्या बाबतींतही असेंच झालें आहे. किरणांच्या दाहक शक्तीचें कौतुक सर्वत्र होतें. परंतु या विद्येचा इतिहास हा पुष्कळ अंशीं गांठीभोवतीं काढावयाच्या एका रेषेचा इतिहास आहे. ती रेषा फार आंत पडली तर रोगाचा अंश जिवंत राहतो. फार बाहेर पडली तर निरोगी अवयव भाजून निघतो. या दोन चुकांच्या मध्यें रोग्याचें आयुष्य असतें.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबर्ग येथें राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षीं ते रोगावर योजून पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें रेडियमचा शोध जाहीर केला. पण क्ष-किरणांच्या चित्रांत एक उणीव होती. हाड त्यांत स्वच्छ उमटे. मांसांत दडलेली गांठ मात्र भोवतालच्या मांसाहून क्वचितच वेगळी दिसे. त्यामुळें डोळ्यांस दिसेल व बोटांस लागेल तेवढीच गांठ डॉक्टरांस ठाऊक होई. मात्रा किती द्यावी हेंही प्रारंभीं कातडी किती लाल होते यावरून ठरवीत.

महाराष्ट्रांत या विद्येचें मोठें पीठ मुंबईस परळ येथें उभें राहिलें. मेहेरबाई टाटा यांचें १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निधन झालें. या रोगावरील उपचार आपल्या देशांत मिळावे ही त्यांचे पती दोराबजी यांची इच्छा त्यांच्या मागें विश्वस्तांनीं पुरी केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९६२ सालीं त्याचा कारभार अणुशक्ति खात्याकडे गेला. कोल्हापूर भागाचा या रुग्णालयाशीं निकटचा संबंध आला. शेजारच्या निपाणीची तंबाखू प्रसिद्ध आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचें एक प्रमुख कारण तंबाखूच होय. सुमारें ५०० किलोमीटर आगगाडीचा प्रवास करून, सहा-सात आठवड्यांच्या उपचारासाठीं मुंबईंत बिऱ्हाड थाटावें, किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणीं आसरा शोधावा, हें या भागांतील कित्येक कुटुंबांच्या वांट्यास आलें.

१९५१ सालीं कॅनडांत कोबाल्टच्या किरणांनीं उपचार सुरू झाले आणि पुढें आपल्याकडेही तीं यंत्रें आलीं. हे किरण कातडीस कमी भाजून खोल जात. किरण खोल गेले, पण दृष्टि तितकी खोल गेली नव्हती. त्या काळीं शिशाची मऊ तार रोग्याच्या अंगाभोवतीं वळवून तिचा आकार कागदावर उतरीत, आणि हाडांच्या खुणांवरून गांठीची जागा अजमावून त्या कागदावर ती रेखाटीत. कातडीवर शाईच्या रेघा ओढीत व त्या धुऊं नयेत अशी ताकीद देत. कोठें बारीक ठिपके गोंदीत. अंदाज चुकूं नये म्हणून क्षेत्र मोठें धरावें लागे, आणि तोंडाच्या रोग्याच्या लाळेच्या ग्रंथि त्यांत सुकून जात. रोग बरा झाला तरी कोरडा घांस गिळण्याचें दुःख मागें उरे.

ही अडचण १९७१ नंतर हळूहळू दूर झाली. त्या वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं लंडन येथें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका रोग्याच्या मेंदूचें सीटी चित्र प्रथम घेतलें. भाकरीचे काप करावे तशीं शरीराचीं आडवीं चित्रें मिळूं लागलीं. डॉक्टर आतां प्रत्येक कापावर गांठीची कड आंखतात. तसेच मज्जारज्जु, डोळे, लालाग्रंथि असे जपावयाचे अवयवही आंखतात. १९९३ सालीं किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें या आंखणीस शिस्त लाविली व तीन सीमा सांगितल्या. शेतकरी हराळी काढतो तेव्हां दिसणारें पातें तेवढेंच उपटीत नाहीं. मुळ्या पसरल्या असतील तेथवरची माती खणतो. तद्वत् पहिली सीमा दिसणाऱ्या गांठीची, दुसरी तिच्या न दिसणाऱ्या प्रसाराची. तिसरी याहून किंचित् मोठी. कारण माणूस श्वास घेतो, आणि रोज तंतोतंत तसाच निजत नाहीं.

पुढें एमआरआय व पेट या चित्रांची भर पडली. तरीही एकच चित्र दोन जाणत्या डॉक्टरांपुढें ठेविलें तर दोघांच्या रेषा तंतोतंत जुळत नाहींत, असें वारंवार आढळून आलें आहे. आतां संगणकही प्रथम रेषा काढून देतो. पण ती तपासून दुरुस्त करण्याची व तिजखालीं सही करण्याची जबाबदारी डॉक्टरांवरच असते. चित्र छाया दाखवितें. तींतील रोग कोणता आणि सूज कोणती, हा निर्णय विवेकाचा आहे.

आज खुद्द कोल्हापुरांतही किरणोपचार मिळतो, आणि पुष्कळांचा मुंबईचा प्रवास वांचला आहे. अशा वेळीं घरच्या माणसांसही या रेषेचा अर्थ कळलेला बरा. तोंडाच्या वा मानेच्या रोग्यास डोकें स्थिर राहावें म्हणून साच्यासारखा मुखवटा चढवितात. उपचार चालू असतां रोग्याचें वजन घटलें कीं तो सैल होतो, मान हलते, आणि चित्रावर काढलेली रेषा शरीरावरून सरकते. मग पुन्हा चित्र घेऊन पुन्हा आंखणी करावी लागते. म्हणून रोग्याचें खाणें कमी झालें किंवा मुखवटा सैल वाटूं लागला, तर संकोच न करितां त्याच दिवशीं डॉक्टरांस सांगावें. त्या रेषेच्या राखणींत घरच्यांचाही एवढा वांटा आहे.